मामाजींनी न मोजलेलं झाड

आमचे मामाजी आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत, हे रायपुरातला कोणताही मराठी माणूस छातीवर हात ठेवून सांगेल, आणि त्यातच त्यांचा घात झाला. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही मूळचे विदर्भाकडचे, आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात. सरकारी नोकरीत ते झाडं मोजायचे. कुठे जमीन मोकळी करायची ठरली की आधी तिथलं एकेक झाड गाठायचं, छातीइतक्या उंचीवर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, खोडावर गेरूचा पट्टा ओढून त्यावर चुन्यानं नंबर घालायचा आणि तो रजिस्टरात चढवायचा. ज्याला नंबर, त्याला तोडायची परवानगी. या कामापायी त्यांच्या एकाही सदऱ्याची बाही कधी स्वच्छ राहिली नाही आणि आत्या जन्मभर गेरूच्या नावानं बोटं मोडत राहिली.

नोकरी संपली तरी फीत काही खिशातून गेली नाही. लग्नाच्या मांडवात गेले की आधी खांबाचा घेर, मग आहेर. माझ्या बहिणीला पाहायला शंकर नगरचा एक मुलगा आला होता. मामाजींनी त्याला उभं केलं, छातीवरून फीत फिरवली आणि त्याच्या बापासमोर निकाल दिला, "पोट्टा सरळ वाढला आहे, पण घेर नाही. दोन-चार पावसाळे जाऊ द्या." स्थळ गेलं. आत्यानं आठ दिवस अबोला धरला. मामाजींच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं. पत्ता सांगायचीही त्यांची तीच तऱ्हा. पंडरीतलं कापडाचं दुकान विचारलं तर म्हणायचे, कडुलिंबापासून उजवीकडे वळा, मग दोन चिंचा सोडा. तो कडुलिंब आणि त्या चिंचा आम्ही कोणी पाहिलेल्याच नव्हत्या. रस्ता रुंद करताना ती झाडं कधीच गेली होती आणि त्यांना नंबर मामाजींनीच घातले होते. पाहुणे तासतासभर फिरून रिकाम्या हातानं परत यायचे.

मामाजी नोकरीत होते तेव्हाच नवं राज्य झालं, नव्या राजधानीची जागा ठरली आणि मामाजींना रोज सकाळी जीपनं तिकडच्या माळावर नेऊन सोडू लागले. गेरूचा डबा दिसला की गावातली माणसं गप्प व्हायची. एका पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला महुआचं, म्हणजे मोहाचं, जुनं झाड होतं आणि खाली एक म्हातारी फुलं वेचत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "ए महुआ ला झन गिन, बाबू." हे झाड मोजू नको, एवढंच. मामाजींनी डब्याला झाकण लावलं आणि पुढच्या झाडाकडे गेले. त्या झाडाला नंबर नाही, म्हणून यादीत नाव नाही, म्हणून तोडायची परवानगी नाही. आजूबाजूचं सगळं रान गेलं, चकचकीत रुंद रस्ते आले, आणि मधोमध ते महुआ तसंच उभं राहिलं. बऱ्याच वर्षांनी स्कूटरवर माझ्या मागे बसून त्यांनी मला हे सांगितलं. वर म्हणाले, "मी खोटं बोललो नाही रे. मी फक्त लिहिलं नाही."

त्यानंतर दर रविवारी मी त्यांना नवा रायपुरला, त्या नव्या राजधानीत, नेऊ लागलो. फीत त्या खोडाला पुरायची नाही, म्हणून एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, आणि मधली जागा हातानं मोजायची. गेल्या खेपेपेक्षा बोटभर जास्त भरलं की स्वारी खूश. म्हातारी पानाच्या दोन्यात वाळलेली फुलं द्यायची. मामाजी ती घरी आणायचे आणि आत्याला वास सहन होत नाही म्हणून गच्चीवर बसून खायचे.

मग सरकार झाडतोडीचे नियम बदलायला निघालं. मसुदा कचेरीच्या भिंतीवर लागला, हरकती मागवल्या. मामाजींनी भिंग लावून तो तीनदा वाचला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता परवानगी फक्त रजिस्टरातल्या झाडांसाठी लागणार होती. रजिस्टरात जे नाही ते झाडच नाही, झुडूप, ते न विचारता साफ करावं.

मामाजींनी स्वतःच्या हातानं हरकत लिहिली: हे झाड तेव्हाही होतं, मी ते जाणूनबुजून सोडलं, शिक्षा मला करा. ती द्यायला आम्ही कचेरीत गेलो, तर साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, कागद वाचला आणि हात जोडले. "बाबूजी, आपसे पेड़ छूट ही नहीं सकता. रजिस्टर में नहीं है, तो बाद में उगा होगा." मामाजींनी त्याला खोडाचा घेर सांगितला. साहेबानं काळजीनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्हाला गाडीनं घरी पोचवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून गेरूचा डबा काढला. डबा मी धरला. महुआवर त्यांनी पट्टा ओढला आणि आपल्या रजिस्टरातल्या शेवटच्या नंबरच्या पुढचा नंबर घातला. तो त्यांना पाठ होता. "आता नंबर आहे," ते म्हातारीला म्हणाले. उभ्या जन्मात तिनं नंबर घातलेलं एकही झाड वाचलेलं पाहिलं नव्हतं.

नियम लागू झाले तसा मी एकटाच गेलो. जमीन सपाट झाली होती. यंत्रवाला सावली शोधून यंत्राखालीच डबा खात होता. महुआचं विचारलं तर म्हणाला, "सबसे पहले वही गिराया भैया, नंबर पड़ा था ना."

घरी येऊन झाड गेल्याचं सांगितलं, तेव्हा मामाजींनी विचारलं, "नंबर पाह्यला नाही काय त्यानं?" मी म्हटलं, पावसानं धुऊन गेला होता. पाऊस पडलाच नव्हता, हे त्यांना माहीत होतं. "हव," ते म्हणाले, "गेरूच तो." त्यांनी फीत खिशातून काढून माझ्या हातात दिली. पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून उभा राहिलो, पण ते खाली आले नाहीत.

मामाजी जाऊन आता बरेच दिवस झाले. त्यांची आठवण आली की मला अजून त्या डब्याचं वजन हाताला जाणवतं. परवा नागपूरचे पाहुणे नवा रायपुरला येणार होते, फोनवर पत्ता विचारत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, महुआपासून डावीकडे वळा. बिचारे तासभर फिरत राहिले.