सोआवेचं सील

जेवणानंतर डाव्या कुशीवर वळलेल्या कुमुदताई खरवंडीकरांच्या कानात सुनेचा आवाज अजून थोडा शिल्लक आहे. "आई, शोकेस न्यायला पाचला माणसं येतील. त्या बाटलीचं ठरवून ठेवा. उघडायची की ओतून द्यायची?" आवाज हळूहळू पंख्यात मिसळतो, आणि पलंगाच्या कडेला भालचंद्रराव बसलेले दिसतात. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, पण टाय व्यवस्थित आहे.

बाटली सोआवेची. सोळा वर्षांपूर्वी दोघांनी इटलीच्या सहलीत घेतलेली पांढरी वाइन. व्हेरोनाजवळच्या ठरावीक टेकड्यांवरची द्राक्षं असतील तरच तिला हे नाव लावता येतं, आणि तशी ग्वाही देणारी सरकारी पट्टी बुचावर असते. भालचंद्ररावांचा जन्म वजनमापे खात्यात गेलेला. सरकारी सील सक्षम अधिकाऱ्याशिवाय तोडता येत नाही, असं सांगून त्यांनी बाटली शोकेसमध्ये उभी केली. मुलाच्या लग्नातही ती उभीच राहिली.

"अहो, तोडू का हो सील?" कुमुदताई विचारतात.

"पंच आहेत का?"

आहेत. पलंगाची आता सहलीची बस झाली आहे आणि मागच्या सीटवर दोन पंच थेपले खाताहेत. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव सरकतात. पुढच्या वळणावर खात्याचं नगरचं गोदाम लागतं. तिथे जप्त केलेल्या तराजूंच्या रांगेत बाटली ठेवलेली आहे. भालचंद्रराव ती उजेडात धरतात.

"मापात तूट नाही. रंगात आहे."

वाइन एरंडेलासारखी दिसते आहे. भालचंद्रराव टाय सैल करतात. हयातीत त्यांनी हे दोनदाच केलं होतं.

"अगं, तो मळेवाला म्हणाला होता, दोन वर्षांत पिऊन टाका. ठेवण्यातली नाही. मला कळलं होतं."

"आणि सील?"

"ते आपलं खात्याच्या नावावर खपवलं."

"सोळा वर्षं धूळ पुसतेय मी तिची!"

"प्यायलो असतो तर संपली असती गं. मग सहलही संपली म्हणायची. पुन्हा कोण नेणार होतं आपल्याला?"

कुमुदताईंना रागवायचं असतं, पण हसूच येतं. "मग आता?"

"आता तोड. आदेश आहे माझा."

गोदामाच्या पायरीवर बसून दोघं एकाच वाटीतून पितात. वाइन जबरदस्त आंबट आहे.

"मूळ ठिकाणचीच हं," भालचंद्रराव डोळे मिटून प्रमाणित करतात. मग त्यांना ठसका लागतो, आणि खिशात घडीचा रुमाल असताना ते कुमुदताईंच्या पदराला तोंड पुसतात.

"आई, आली माणसं!"

कुमुदताई उठून बसतात. समोर शोकेसमध्ये बाटली जशीच्या तशी, सीलबंद.

"उघडायची," त्या सांगतात. "आणि सगळ्यांना द्यायची. त्या माणसांनासुद्धा."

सून हसत जवळ येते आणि थबकते. "आई, पदरावर काय सांडलंय?"

पदराचं टोक ओलं आहे. कुमुदताई ते नाकाशी नेतात. सणसणीत आंबट.