चिकटवलेली चार पानं
खळीचा वास आला की साक्रीचं वाचनालय आठवतं. तिथून एकदा जुन्या काळच्या सिनेनटीवरची कादंबरी घरी आणली, तर मधली चार पानं चिकटवलेली. माझं लहानपण भिंतींवर पत्रकं डकवण्यात गेलेलं, त्यामुळे खळ कशी सुटते ते ठाऊक होतं; ओल्या फडक्यानं ती सोडवली. त्या पानांत नटीचा नवऱ्यावर जीव होता आणि एका नर्तिकेवरही. पुस्तक परत देताना ग्रंथपाल अक्का करवादल्या, "बठ्ठं, सगळं गाव वाचतं हे. नवऱ्यावर जीव होता ना तिचा? मग ती बाई कशाला मध्ये?" मी म्हटलं, "दोघांवरही होता, अक्का. माझंही तसंच आहे." त्यांनी पानं पुन्हा चिकटवायला खळीची वाटी ओढली. मी पुस्तकावर हात ठेवून वाचनालय बंद होईपर्यंत उभी राहिले. आज माझ्या कादंबरीचे प्रकाशक म्हणतात, तुमच्या नायिकेचं एक प्रेम कमी करा. मी एक ओळही काढलेली नाही.