एका दणक्याचं नाणं

क्लाउस्टालच्या टांकसाळीतला जुना पेचदाब, म्हणजे पेच फिरवून नाणी ठोकायचं यंत्र, वापरातून गेला, पण हेनिंगचे कान अजून तिकडेच लागलेले असत.

पेचाखालच्या खड्ड्यात बसून त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. चांदीची चकती ठशावर ठेवायची. ती 'टिंग' वाजली की वर चौघे दोर ओढत, शिशाचे गोळे लावलेला दांडा गरकन फिरे आणि दणका बसे. हेनिंगचं एक बोट तिथंच गेलं होतं. तरी त्याला तो दणका हवा होता. नवं यंत्र माणसाविना नाणी पाडी; हेनिंग त्याच्याभोवती झाडू मारी. दोर ओढणारे चौघे खनिज कुटायच्या गिरणीत लागले होते.

एके दिवशी टांकसाळीचे साहेब म्हणाले, "दोन थालरचं जड नाणं नव्याला झेपत नाही. जुन्यावर एका दणक्यात स्वच्छ उठलं तर जुना ठेवू. नाहीतर सोमवारी भंगारात."

हेनिंग स्वतः गिरणीत गेला आणि चौघांना घेऊन आला. थोनिस त्यांच्यातला सगळ्यात जुना.

"काय रे नऊबोट्या, अजून जिवंत?" तो ओरडला.

"ओरडतोस कशाला?"

"काय?"

हेनिंगनं ठसे पुसले, पेचाला तेल पाजलं आणि खड्ड्यात उतरला. चकती ठेवली. टिंग. दांडा हलला नाही. त्यानं चकती उचलून पुन्हा ठेवली. चौघे पूर्वीसारखेच दोर धरून, मान तिरकी करून उभे होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. गिरणीतल्या मुसळांच्या आवाजानं यांचे कान गेले होते.

"ओढा!" तो किंचाळला. थोनिसनं ओढलं, बाकीच्यांनी मागाहून. दांडा अडखळला, उसळला आणि दोनदा बसला.

साहेबांनी नाणं उजेडात धरलं. "राजाला दोन नाकं आलीत. वितळवा."

"साहेब, अजून एकदा. मी हातानं खूण करतो."

"खड्ड्यातला हात वर कुणाला दिसणार?"

साहेब निघून गेले.

थोनिस घाम पुसत खड्ड्याशी वाकला. "काय म्हणाले? उठलं ना नीट? सोमवारपासून येऊ ना?"

हेनिंग वर चढला. थोनिसच्या कानाशी तोंड नेलं आणि मागे घेतलं. शेवटी त्यानं थोनिसच्या हातातला दोर सोडवायला घेतला. थोनिस दोर सोडेना.