तिसरा घास

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणत. चाळीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही ठेवून, त्यांनी नटांच्या ओठांवर नजर ठेवली. भल्याभल्या राजांची भर दरबारात बोबडी वळली, की अंधारातून हा माणूस एक शब्द पुढे सरकवायचा आणि राज्य वाचायचं. टाळ्या अर्थातच राजाला.

आता त्याच नजरेने ते बायकोच्या ओठांकडे बघत होते. काकू आजारातून उठल्या, पण त्यांची अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. वजन अडतीस किलो. याखाली जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यात कंपनी बंद पडलेली आणि तिने दिलेली खोली महिनाअखेर सोडायची. मुलगा एका मोठ्या शहरात, मुलगी दुसऱ्यात. दोघंही या म्हणत होते. काकांनी ठरवलं, जिथे ही जेवेल तिथे राहायचं.

मुलाकडे आठ दिवस काढले. अकरावा मजला, लिफ्ट, समोरच इस्पितळ. जेवण मात्र दाराशी बंद डब्यांतून यायचं आणि झाकण काढलं तरी वास डब्याचाच. सून बिचारी रोज वेगळं काही मागवी. काकू दोन घास खाऊन थांबत. लगेच काका म्हणत, "घे ना गं, एवढासाच." की चमचा खाली. आठव्या दिवशी वजन साडेसदतीस.

मुलीचं शहर बंदराचं. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, इस्पितळ दोन बस बदलून. दुसऱ्या संध्याकाळी मुलगी कामावर असताना खिडकीतून वास आला. खालच्या गल्लीत एक मासेवाली मोठ्या तव्यावर बोटभर मासे भाजत होती.

"खाली जाऊ या," काकू म्हणाल्या.

तीन महिन्यांत त्यांनी आपणहून काही मागितलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांपुढे तेल, मासळीचे काटे आणि परत चढायच्या पायऱ्या नाचू लागल्या. तरी त्यांनी काकूंना कोपराला धरून खाली नेलं. वाटेत दोनदा पायरीवर टेकावं लागलं.

बाकावर मासे आणि गरम पाव आले. एक घास. दुसरा. काकू थांबल्या. काकांचे ओठ सवयीने हलले, तोच मासेवाली म्हणाली, "काका, तोंडाकडे काय बघत बसलात? जेवू द्या की त्यांना."

काका ओशाळले. थांबलेला प्रत्येक नट विसरलेला नसतो, कुणी नुसता दम घेत असतो. विंगेत हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, आणि घरी? ते रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे बराच वेळ काही ऐकू येईना. तरी त्यांनी मान वळवली नाही.

"मीठ कमी पडलंय गं," काकूंचा आवाज आला.

मासेवालीने मिठाचा डबाच पुढे सरकवला. काकांनी वळून पाहिलं तेव्हा ताटलीत चार डोकी आणि चार शेपट्या उरल्या होत्या.

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर काकू धापा टाकत बसल्या. तिथूनच काकांनी मुलाला फोन करून सांगितलं, आम्ही इथेच राहतो. तो म्हणाला, "बाबा, रात्री-अपरात्री आईला काही झालं तर? तो जिना, त्या बस..."

पायऱ्यांकडे बघत काका नुसतेच उभे राहिले.

मागून काकू हळूच म्हणाल्या, "सांगा, उद्या पुन्हा खाली जायचंय."

"उद्या पुन्हा खाली जायचंय," काका फोनवर म्हणाले.