शेततळ्यातली हवेची खाट

माझ्याइतकी येडी बाई अख्ख्या अंबड तालुक्यात सापडायची न्हाई, हे मी आधीच कबूल करते. म्हणजे शेवटी तुम्हाला म्हणायची मेहनत नको!

त्याचं काय झालं, दिवाळीला आमच्या नणंदबाई आल्त्या. जाताना त्यांची एक हवेची खाट इथंच विसरून गेल्या. पाण्यावर तरंगती ती. डोक्याला उशी, हाताशी गिलास ठेवायला खड्डा. हॉटेलच्या निळ्या पाण्यात त्या खाटेवर पडलेले त्यांचे फोटो घरातल्या ग्रुपवर कित्येकदा येऊन गेल्ते. खाली लिहिलेलं, "आराम करून राह्यले."

मी म्हणलं, करा बाई. इकडं मी भांडी करून राह्यले.

आता आमच्याकडं निळं पाणी कुठलं? वडीगोद्रीच्या पुढं आत आमची मोसंबी, आणि मोसंबीसाठी शेततळं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. त्या तळ्यात आमच्या ह्यांचा जीव! उन्हाळा लागला की हा माणूस तांदूळ दुसऱ्यांदा धुतले तरी वर बघतो. त्या दिवशी सकाळी मी अंगणात दुसरी बादली ओतली, तर केवढा गहजब!

"पाणी काय फुकट येतं?"

"एक दिवस मी नसले ना, मंग कळंल तुम्हाला!" मी म्हणलं. भिंतीपलीकडं जाऊबाई कमलचा कान होताच.

दुपारी हे अंबडला गेले. मी ती खाट काढली. पंप काही बसेना, मंग तोंडानं फुगवली. भोवळ आली हो! थर्मासात चहा घेतला, अंगात मॅक्सी, डोळ्यावर लेकीचा काळा गॉगल, आणि निघाले आराम करायला.

आता आमच्या ह्यांचा एक कायदा आहे. तळ्याच्या बांधावर चपला घालून चढायचं न्हाई, खडा लागून कागद फाटतो. म्हणून बांधाच्या खाली चपला काढल्या, नीट जोडीनं. आणि पाण्यात पडलं तर शोधणार कोण, म्हणून मंगळसूत्र काढून चपलीत ठेवलं.

तुमच्या आलं ना ध्यानात? माझ्या न्हाई आलं!

दोर धरून उतरले, खाटेवर पडले. वर आभाळ, खाली गार पाणी, कोणी हाक मारायला न्हाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दिवसा झोपले.

जाग आली ती रडण्यानं.

"अगं माझे मंगल! असं कसं केलंस गं बाई!"

आमच्या चुलतसासू, भागाकाकू. चारा न्यायला आल्त्या, चपला बघितल्या, चपलीतलं मंगळसूत्र बघितलं, आणि गाव गोळा केलं. बांध दीड पुरुष उंच, पाणी खोल गेलेलं. खालून मी दिसायची न्हाई आणि वर चढून बघायची कोणाची हिंमत होईना.

मी ओरडायलाच पाह्यजे होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात कमल म्हणाली,

"आक्काच्या हातची भाकर म्हणजे कागद! अशी सुगरण न्हाई व्हायची."

मी तोंड मिटलं. सांगा, तुम्ही मिटलं नसतं? बावीस वर्षांत ह्या कमलनं माझ्या भाकरीला कधी बरं म्हणलं नव्हतं! म्हणलं, आणखी जरा ऐकू.

"लई गुणाची होती," काकू म्हणाल्या. "तोंडाची तिखट, तेवढंच."

"तेवढंच कसं?" कमल. "भाऊजींना सुखानं घास खाऊ दिला का कधी?"

"आणि माझं पापडाचं लाटणं नेल्तं तिनं," काकूंना आठवलं. "आता ते कुठं शोधू?"

मंग काकूंचा आवाज खाली आला. म्हणजे त्यांच्या हिशोबानं खाली, मला बराबर ऐकू येत होता.

"मंठ्याला माझ्या बहिणीची लेक हाय, सोडलेली. गरीब हाय बिचारी. बोलतच न्हाई."

माझं अंग अजून पाण्यावर तरंगत होतं आणि तिकडं माझी जागा भरून राह्यली होती!

तेवढ्यात ह्यांची मोटारसायकल वाजली. मी कान टवकारले. म्हणलं, आता हा माणूस माझ्याबद्दल काहीतरी बोलणार. एकच शब्द बोला हो. मंगल म्हणून हाक मारा नुसती.

काही न्हाई. मंग आवाज आला. फट्. फट्.

चपला काढल्या! बायको तळ्यात गेली असं गाव म्हणतंय, आणि ह्यांनी आधी चपला काढल्या!

बांधावर डोकं वर आलं. आमची नजरानजर झाली. मी गॉगलमध्ये, हातात चहा. ह्यांनी खाली वळून सांगितलं,

"हाय. चहा पिऊन राह्यली."

"जित्ती हाय?" काकू म्हणाल्या. शपथेवर सांगते, आवाज पडला होता त्यांचा.

पुढचं विचारू नका. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत न्हाई. अर्ध्या गावानं मला दोराला धरून ओढलं, मॅक्सीतली म्हैस वर काढावी तशी. वर आले तर काकू म्हणतात, "मंगल, ते लाटणं तेवढं आजच दे."

संध्याकाळी ताट वाढलं. हे जेवून राह्यले, रोजच्यासारखे. माझ्याच्यानं राहवेना.

"अहो, सगळं गाव रडत होतं. तुमच्या डोळ्यात एक टिपूस न्हाई?"

ह्यांनी घास संपवला, पाणी प्यायले, तांब्यातलं उरलेलं परत माठात ओतलं.

"म्हणलं, आधी बघावं. उन्हाळ्याचं उगं पाणी कशाला वाया घालायचं?"