सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं

त्या वर्षी आम्ही नवराबायको एकाच प्रोजेक्टवर होतो. जपानात, इचिकावातल्या दोन खोल्यांत परतल्यावरही आमच्याकडे बोलायला प्रोजेक्टच उरायचा. सिस्टिम लाइव्ह जायची तारीख पुढे पुढे ढकलली जात होती आणि कंटाळा आलाय असं म्हणायचाही कंटाळा आला होता.

टीममध्ये एक डच इंजिनिअर होता. ऐन लाइव्ह जायच्या आठवड्यात त्याचे वडील गेल्याचा फोन आला. त्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, त्यामुळे तो घरी गेला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, की आमच्याकडे दहनाआधी गेलेल्या माणसाची आवडती गाणी लावतात. वडिलांनी मात्र बजावून ठेवलं होतं, की माझं गाणं नुसतं लावू नका, सगळ्यांनी मिळून म्हणा. तिकडे दहन होईल त्याच वेळी त्याला ते इथे म्हणायचं होतं. पण त्याच्या घराच्या भिंती पातळ, आणि गाण्याचं ध्रुवपद एकट्याने म्हणायचं नसतं. तुम्ही दोघं याल का, असं त्याने विचारलं. मला खरं तर झोपायचं होतं.

तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. स्टेशनजवळच्या कराओकेत आम्ही तासाच्या भाड्याने एक खोली घेतली. तिथल्या यंत्रात हे गाणं असणं शक्यच नव्हतं, म्हणून यंत्राचा आवाजच बंद केला. अशी गाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या गरीब वस्त्यांतली, दारूच्या गुत्त्यांत वाढलेली, असं त्याने सांगितलं. त्यांत वाट बघणारी आई असते, समुद्रावर गेलेला मुलगा असतो, रडणं तर भरपूर, आणि चाल मात्र जत्रेतल्या पाळण्याची. शिकलेले लोक त्यांना नाकं मुरडतात आणि पोटात थोडी बिअर गेली की गळ्यात गळे घालून तीच गातात. तो स्वतः कॉलेजात जायला लागल्यावर, वडील गायला लागले की तोही खोलीबाहेर जायचा.

ध्रुवपद त्याने आमच्याकडून घोकून घेतलं. घशातून काढायचा एक उच्चार मला शेवटपर्यंत जमला नाही. त्याने गायला सुरुवात केली आणि आमचे हात सवयीने टाळ्या वाजवायला लागले, आरतीला वाजवतो तशा. तो थांबला. टाळ्या नकोत म्हणाला, हातात हात गुंफून डोलायचं. माझा नवरा वरातीतही कडेला उभा राहणारा माणूस. त्याने शर्टाची बाही सारखी केली आणि हात पुढे केला. मग आम्ही तिघं त्या सोफ्यावर डोलत गायलो. मी इतकी थकले होते, की दुसऱ्याच्या वडिलांसाठी रडणं फार सोपं गेलं.

थोड्या वेळाने त्याच्या बहिणीचा फोन आला. फोन ठेवून त्याने सांगितलं, की तिथे सीडी लावली, पण वडिलांबरोबर गाणारे त्यांचे सोबती आधीच एकेक करून गेलेले. उरलेली माणसं संकोचून गप्प बसली. बहिणीने सुरुवात केली, पण तिला रडू आवरेना.

"मग म्हटलं कुणी?" नवऱ्याने विचारलं.

"आपणच," तो म्हणाला.

खोलीची वेळ संपत आली होती. नवऱ्याने भिंतीवरचा फोन उचलला आणि आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत अजून अर्धा तास वाढवून घेतला.