गोधडीचं तापमान

एका हिवाळ्यात मी भिवंडीच्या आकाशाची उष्णता म्हणून चक्क एका गोधडीची उष्णता मोजत होते. वर त्यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे पोरवयाची सबबही नाही. दोन हजार चार-पाचची गोष्ट.

दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली काही शोषून परत खाली पाठवतात. ती मोजतो पिरजिओमीटर. वाटीएवढं यंत्र, तोंड आकाशाकडे. निरभ्र, कोरड्या रात्री आकडा कमी हवा, ढग असले तर जास्त.

आमचं यंत्र निजामपुऱ्यात मथुराबाईंच्या गच्चीवर होतं. खाली कापडाचे लूम, वर त्यांचं बिऱ्हाड, आणि गच्चीला उभा जिना. दर आठवड्याला सकाळी जाऊन मी आकडे उतरवून आणायचे. संध्याकाळी कोण जाणार त्या ट्रॅफिकमध्ये?

तर रोज संध्याकाळी आकडा टुणकन वर, सकाळी धाडकन खाली. ढग एकही नाही. मी हरखले. खाडीवरून दमट हवा येते आणि शहरावर साचते, असं ठरवून टाकलं. नावही ठेवलं, ‘भिवंडी इफेक्ट’.

निबंध परिषदेला पाठवायच्या आदल्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी आलेख पाहिला. म्हणाले, “वाफ काय ड्युटीवर येते का, सहाच्या ठोक्याला?” स्वतः संध्याकाळी बघून या, तोवर निबंध जाणार नाही, असंही बजावलं.

मी फुरंगटूनच संध्याकाळी भिवंडीला गेले. गच्चीवर मथुराबाई यंत्राला गोधडीत गुंडाळत होत्या. कडा नीट खोचून, तान्ह्या बाळासारखं.

“मथुराबाई, हे काय?”

“तूच बोललीस ना बाय, याच्यावर काय पडू देऊ नका. दव पडतंय, लूमची रुई पडतंय.”

बोलले होते खरी. यंत्रावर वाळवणाची सावली पडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते मी डोक्यातच ठेवलं.

निबंध मागे घेतला. हिवाळा फुकट गेला. उरलेल्या थंडीत गोधडीविना मोजलं, तेव्हा भिवंडीचं आकाश अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं वागलं. धडा एवढाच: काय करू नका हे सांगताना का ते आधी सांगावं.

ते ‘का’ मी मथुराबाईंना मग अर्धा तास समजावलं. वाफ, किरण, आकाश, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, गोधडीची घडी घातली आणि म्हणाल्या, “एवढं पयल्या दिवशी बोलली असतीस, तं माझं गुडघं वाचलं असतं.”